‘शवागार’चे आठ अल्बम आणि माझा एक टेक

३ मार्च
आमच्या ‘शवागार’ला तीस वर्षं झाली. हेवी मेटल बँड एवढा टिकत नाही. माणसंच टिकत नाहीत. रेकॉर्ड कंपनी आठही अल्बम एका पेटीत काढणार, सोबत पुस्तिका. तिच्यातला इतिहास मी लिहिणार. मला कोणी सांगितलेलं नाही, पण दुसरं आहे कोण? गायकाची कवळी वरच्या पट्टीत सुटते. ड्रमर ठार बहिरा. गिटारवाला स्वतःच्या सहीतही चुका करतो. उरलो मी, बास गिटार, बँडचा कणा.
संकल्प: रोज एक अल्बम लिहायचा. शिवाय महिनाअखेरच्या कॉन्सर्टसाठी रोज दोन तास रियाज. उद्यापासून.

५ मार्च
काल रियाज झाला नाही. पाठ.
पहिला अल्बम, ‘कवटीचा मुकुट’. गाद्यांच्या गोदामात रेकॉर्ड केला. मी माझं काम एका टेकमध्ये, म्हणजे एकदाच वाजवून, उरकलं. गिटारवाला म्हणाला, झालं तुझं, आता घरी जा, आराम कर. बाकीचे त्यानंतर पंधरवडाभर तिथेच घासत होते. याला म्हणतात फरक. रेकॉर्डिस्ट माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा मोठा भाऊ. संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण बटणं बरोबर दाबतो. एरवी कानाची यंत्रं दुरुस्त करतो. ड्रमर त्याचं कायमचं गिऱ्हाईक.

९ मार्च, सकाळी
मधले दिवस असेच गेले. इतिहासकाराने घाई करू नये.
दुसरा, ‘गंजलेला देव’. तिसरा, ‘अंधार: भाग दोन’. भाग एक नाहीच. कल्पना माझी. लोक अजून शोधतात. दोन्ही वेळा माझा एक टेक आणि घरी. तिसऱ्याच्या वेळी मी आपणहून म्हणालो, हवा तर आणखी एक देतो. सगळे एका सुरात नको म्हणाले. हा बँड एका सुरात आला तो तेवढ्यापुरताच. एवढा विश्वास मी कुठे पाहिला नाही.
रियाज नाही. विजेचा काही भरवसा वाटेना.

१२ मार्च
चौथा, ‘रक्ताची पावती’. यातल्या बासच्या सोलोवर लोक जीव टाकतात. आज हट्टाने वाद्य घेऊन बसलो. तो सोलो मला येत नाही. वाजवल्याचंही आठवत नाही. तंद्रीत वाजवला असणार, मोठ्या कलाकारांचं असंच होतं. शेवटी एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचा व्हिडिओ लावला. बाई हौशी आहेत, तो सोलो नवशिक्यांना शिकवतात. हळूहळू म्हणतात आणि भरभर वाजवतात.
बायको दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, राहू दे ना आता, कशाला त्या इतिहासाच्या मागे लागलायस? जळते बिचारी. भावाचं नाव शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात येणार ना.

१७ मार्च, दुपारी
उरलेले चार अल्बम एका ओळीत आटोपले: मी एक टेक, बाकीचे चाचपडले. इतिहास पूर्ण. कंपनीत नेऊन दिला.
जुन्या टेपा साफ करणारी इंजिनियर मला बघून उभीच राहिली. गुणी मुलगी. म्हणाली, सर, आठही अल्बममधले तुमचे ट्रॅक वेगळे सापडले, जसेच्या तसे, कुठेच वापरलेले नाहीत. मी म्हणालो, अस्सल माल जपूनच ठेवतात. म्हणाली, पेटीत नववी सीडी घालायचा विचार आहे, नुसता तुमचा बास, फक्त परवानगीच्या कागदावर तुमची सही हवी. वरची माणसं तो ऐकून डोळे पुसत होती म्हणे.
डोळे पुसत होती! तीस वर्षांनी का होईना.

१८ मार्च
सगळ्यांना फोन केला. गायकाने कवळी सुटली म्हणून फोन ठेवला. ड्रमरला ऐकू आलं नाही. मेव्हण्याने मात्र सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, पाया पडतो तुझ्या, त्या कागदावर सही करू नकोस. मत्सराला वय नसतं.
सही करून आलो.

२५ मार्च
कंपनीत नववी सीडी सगळ्यांना ऐकवली. मी पहिल्या रांगेत, नवा शर्ट. मिनिटभरात मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळी खोली. गायकाने कवळी काढून हातात घेतली आणि मोकळेपणी हसला. ड्रमर नवं यंत्र लावून आला होता, खास. एकटा मेव्हणा खाली मान घालून बसला होता.
इंजिनियर म्हणाली, सर, तुम्ही किती खिलाडू आहात, स्वतःची अशी थट्टा कोण करून घेतं? मग मेव्हण्याकडे वळून म्हणाली, खरा बास तुमचा ना? कॉन्सर्टला तुम्हीच वाजवा.
मी गिटारवाल्याला बाजूला घेऊन विचारलं. म्हणाला, आठही अल्बम त्यानेच वाजवले, तू घरी गेल्यावर. स्टेजवर तुझी वायर कुठेच जोडलेली नसायची, त्याची टेप लागायची. मी म्हणालो, मग मला ठेवलं कशाला? म्हणाला, तुझे लांब केस, पोस्टरवर शोभायचे. पुढे केस गेले, पण तोवर तुझी सवय झाली होती.

३१ मार्च, संध्याकाळी
आज कॉन्सर्ट. बास मेव्हणा वाजवणार. मला पास आलाय.
बायको आरशापुढे होती. विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? म्हणाली, लग्नाच्या आधीपासून. मी म्हणालो, मग केलंस कशाला लग्न? ती वळली. म्हणाली, मला वाटलं तुलाही माहीत आहे. सगळं माहीत असून हा माणूस रोज हसत घरी येतो, म्हणून तर आवडलास.
मी म्हणालो, माहीत होतंच की.
तिने कपाटातून माझा नवा शर्ट काढला. मग म्हणाली, चल, शर्ट घाल, दादा स्टेजवर यायच्या आत पोचायला हवं.