विकतची माती

धायरी, ९ फेब्रुवारी २००४

प्रिय श्यामला,

ओढा ओलांडला की तुझं घर, आणि तरी मी पत्र लिहिते आहे. बिलकिसचे अब्बा गेल्यापासून मी इद्दतीत आहे. चार महिने दहा दिवस विधवेनं घराबाहेर पडायचं नाही, अशी आमच्यात रीत. त्यातले सत्तावीस झाले. मयतीच्या दिवशी तू आलीस, दाराशी उभी राहिलीस आणि एक शब्द न बोलता गेलीस. मी ते मनावर घेतलेलं नाही. तू त्याहून जास्त काही करावंस असं मी तुझ्याशी वागलेच नव्हते.

परवा माझे दीर रज्जाकभाई एक कागद घेऊन आले. ओढ्याकाठच्या तुम्ही शेतकऱ्यांनी पाण्याबद्दल जी तक्रार केली आहे, तिला सगळ्या प्लेटिंगवाल्यांनी मिळून दिलेलं उत्तर. आमच्या वर्कशॉपमधून ओढ्यात कधीच काही सोडलं गेलं नाही, असं त्यात टाइप केलं आहे. खाली पाच सह्या झाल्यात. सहावी माझी हवी आहे, कारण वर्कशॉप आता माझ्या नावावर आहे.

ह्यांचं पाण्याचं वेड तुला ठाऊक नसेल. नमाजाआधी हातपाय धुवायला एक तांब्या, बस्स. मशिदीत कुणी नळ सोडून वजू करायला लागला की सगळ्यांदेखत टोकायचे, "नदीकाठी बसलात तरी जपून वापरायचं असतं, मियाँ. पाणी काही तुमच्या अब्बांनी बनवलेलं नाही." लोक हसायचे आणि नळ बारीक करायचे. आणि हाच माणूस रोज संध्याकाळी वर्कशॉपच्या मागच्या भिंतीतलं बूच काढायचा. कड्या-कोयंडे, सायकलची हँडलं प्लेटिंगनं चकचकीत करून उरलेलं हिरवं पाणी ओढ्यात जायचं, ॲसिडसकट. तीस वर्षं. मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. तांब्यातलं पाणी अल्लाचं आणि भिंतीपलीकडचं कुणाचंच नाही, असं त्यांना खरोखर वाटत होतं. मलाही वाटत होतं.

तुझ्या वडिलांची मेथी ज्या वर्षी मुळापासून पिवळी पडली आणि विहिरीवर तवंग आला, तेव्हा तू मला भाजीबाजारात गाठून विचारलं होतंस, "नसीम, तुमच्याकडचं काही येतं का गं?" मी म्हटलं, "मला काय माहीत बाई, मी वर्कशॉपमध्ये कुठे जाते?" श्यामला, मी रोज दुपारी डबा घेऊन तिथे जात होते. ते बूच मी शंभरदा पाहिलं होतं. सोनबाकाकांनी पुढे त्या विहिरीवर फरशी टाकली. तेव्हापासून आपण भेटलो की भाज्यांच्या भावाबद्दलच बोलत आलो.

शेवटचे दोन महिने छातीच्या दुखण्यानं हे अंथरुणावरच होते. डॉक्टरांनी पाणी लावायला मनाई केली होती. अशा वेळी आमच्यात वजूऐवजी तयम्मुम करतात. म्हणजे स्वच्छ मातीवर तळवे टेकवून ते तोंडावरून आणि हातांवरून फिरवायचे. त्यांनी माती मागितली. मी ताटलीत मागच्या दारची, ओढ्याच्या काठची ढेकळं भरून आणली. त्यांनी हात पुढे केला आणि तसाच वर धरून ठेवला.

"कुठली आहे?" "मागची." "ही नको. माती पाक लागते." मी म्हटलं, मौलवींना विचारू का? "मौलवी चालते म्हणतील. मला नाही चालत." मग सोनबाकाकांच्या बांधावरची आणू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तीही आपणच घालवली." आणि मग नेहमीच्या कोरड्या आवाजात, "कात्रजच्या डोंगरापर्यंत जाऊन ये. मिळाली तर मिळाली." शेवटी बिलकिसनं सिंहगड रोडवरच्या नर्सरीतून प्लास्टिकच्या पिशवीतली माती विकत आणली. त्या विकतच्या मातीवर हात टेकून ते मरेपर्यंत नमाज पढले. सगळी जमीनच मशीद आहे, असं आम्हाला लहानपणी शिकवतात. मशिदीत कुणी ॲसिड ओतत नाही. आम्ही ओतलं.

जनाजा उठण्याआधी रज्जाकभाईंनी रीतीप्रमाणे जमलेल्यांना विनवलं, भाईंच्या हातून कुणाचा हक्क बुडाला असेल तर माफ करा. सगळे म्हणाले, माफ केलं. मी आत बसून ऐकत होते. ज्यांचा हक्क बुडाला ते त्या गर्दीत नव्हतेच. सोनबाकाका कधीच गेले. ओढ्यातले खेकडे आणि मासे त्यांच्याही आधी गेले. आणि ज्याचा हक्क बुडवला त्याला डावलून अल्ला परस्पर माफ करत नाही, असं आम्ही मानतो. मग त्या माफीचा ह्यांना काय उपयोग?

रज्जाकभाई म्हणाले, "भाभी, मेलेल्या माणसाची अब्रू घालवू नका." मी गप्प बसले. माझं गप्प बसणं म्हणजे होकार, अशी या घराला सवय आहे. तुलाही असेल. पण ह्यांना कबरीत या ओझ्याखाली पडू द्यायचं आणि वर आपण अब्रू सांभाळायची, हे माझ्यानं होणार नाही. आणखी एक खोटी सही त्यांच्या छातीवर मी ठेवणार नाही.

तो कागद मी आज सकाळी सही न करता परत पाठवला. या पत्राबरोबर माझा जबाब जोडला आहे, माझ्या हातानं लिहिलेला. बूच कुठे आहे, केव्हा काढत होते, आणखी कुणाच्या भिंतींत तशी बुचं आहेत, सगळं लिहिलं आहे. पहिलं नाव ह्यांचं, युसूफ यांचं आहे. दुसरं माझं, कारण मी पाहिलं आणि खोटं बोलले. रज्जाकभाई म्हणतात, इद्दतीत बाईनं उंबरा ओलांडू नये. गरजेला दिवसा जाता येतं, एवढं मलाही कळतं. तुझी माफी मी आत्ता मागत नाही. ओढ्यात अजून रोज पाणी सुटतं आहे, ते थांबल्याशिवाय मागायला मला तोंड नाही. गुरुवारी अकराला तुमच्या तक्रारीची सुनावणी आहे. तुला माझ्याशेजारी बसायचं नसेल तर बसू नकोस. पण प्लेटिंगवाल्यांनी "कधीच काही सोडलं गेलं नाही" हे वाक्य वाचलं, की मी उभी राहणार आहे.

तुझीच,
नसीमबानू