नाव ठेवलं

ब्रिस्टल, १२ एप्रिल १९८७

चि. उल्कास अनेक आशीर्वाद.

रिटायर झाल्यावर गुलाब लावीन, असं मी आईला म्हटलं होतं. त्याऐवजी एक जुनी शिडाची होडी आणून गॅरेजमध्ये ठेवली आहे. आई तिला सवत म्हणते. होडीच्या चार बरगड्या मोडल्या आहेत. तीस वर्षं माणसांची हाडं जोडली, तेव्हा ओकच्या चार पट्ट्या बसवणं म्हणजे काय मोठं, असा माझा तोरा होता. वाकवताना तीन पट्ट्या कडाड्कन मोडल्या.

मेडिकल सोडून तू सुतारकाम धरलंस, तेव्हा मी काय काय बोललो ते आपल्या दोघांनाही पाठ आहे. दोन वर्षं तू घरी आली नाहीस. कसं विचारावं कळत नाही, म्हणून सरळच विचारतो. पट्ट्या का मोडतात?

आई आशीर्वाद सांगते. मराठीतच लिही, चुकलं तरी चालेल.

तुझे बाबा

क्रॉयडन, २० एप्रिल १९८७

ती. बाबांना सा. न.

तुमची पत्र मिळाली. वर्कशॉपमध्ये वाचून मी खूप हसले, मग थोडी रडले. बाबा, कोरडा लाकूड वाकत नाही! अर्धा तास वाफ द्यायला लागते, आईच्या मोदकसारखी. मग ग्लव्ह्ज घालून लगेच बसवायचं, गार व्हायच्या आत. प्रेशर कुकरची शिट्टी काढून तिथे पाइप लावता येतो. आईला आधी विचारा.

एक गोष्ट लिहिते. रेखामावशी म्हणाली, महाराष्ट्र मंडळात तुम्ही सगळ्यांना सांगता की मी 'डिझाइनमध्ये रिसर्च' करते. आणि घरी दोन वर्षं मला नाव ठेवलं. त्याचा राग अजून आहे. मी सुतार आहे, आणि चांगली सुतार आहे. शनिवारी टूल्स घेऊन येते. परत कॉलेजला जा म्हणू नका.

आईला नमस्कार. माझा राग तिकडे ठेवा, प्रेम जवळ ठेवा.

तुमची उल्का

ब्रिस्टल, ३१ ऑगस्ट १९८७

चि. उल्कास अनेक आशीर्वाद.

काल होडी पाण्यात उतरली. तुला सुट्टी मिळाली नाही, म्हणून कळवतो. पहिल्या तासात तळाशी पाणी आलं, पण लाकूड फुगून फटी बुजेपर्यंत घाबरू नका असं तू बजावलं होतंस, म्हणून मी फक्त थोडाच घाबरलो. तू सात वीकेंड खपून बसवलेली एकही बरगडी हलली नाही. आईला मात्र कुकर परत हवा आहे. वरणाला ओकचा वास येतो म्हणते.

मंडळातले श्रीकांत आले होते. दुरुस्ती कोणी केली, विचारत होते. माझ्या मुलीने, ती सुतार आहे, असं मी सांगितलं. सोपं होतं गं. उगाच दोन वर्षं घालवली.

आता व्याकरण. पत्र 'मिळाली' नव्हे, 'मिळालं'. आणि रागवायचं असेल तर 'नावं ठेवली' असं लिहावं. 'नाव ठेवलं' म्हणजे बारसं केलं. चूक तुझीच, पण मी ती खरी केली. होडीच्या मागच्या फळीवर पांढऱ्या रंगात, देवनागरीत लिहिलं आहे: उल्का. होड्यांच्या क्लबात कुणालाच ते वाचता येत नाही, त्यामुळे ही उल्का कोण, ते प्रत्येकाला सांगावं लागतं.

पुढच्या रविवारी ये. ही होडी एकट्याने हाकता येत नाही. लोभ होताच, फक्त बोलायला जमत नव्हतं.

तुझे बाबा