भरडावरचे मैदान लवू मेस्त्रीला

मी, सत्यवान भिवा धुरी, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार धामापूर, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही, गोड बोलून वळवलेलेही नाही. लोकांना वळवण्याचे काम आजवर मीच केले. १९५९ साली केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यात सूचना फार होत्या आणि मालमत्ता थोडी.

१. राहते घर, परसू आणि विहीर माझी पत्नी यमुनाबाई हिला. माझ्या बैठकांना आलेल्या माणसांसाठी चहा करण्यात तिची चाळीस वर्षे गेली. माझ्यामागे त्या घरात तिच्या परवानगीशिवाय एकही बैठक होऊ नये.

२. दोन्ही कपाटांतील पुस्तके गावच्या वाचनालयास. समासातले माझे शेरे खोडू नयेत. जिथे माझे चुकले असेल तिथे वाचणाऱ्याने खाली आपला शेरा लिहावा.

३. चौदा माड माझा पुतण्या भाई यास. भाई मुंबईत गोदीत कारकून आहे. माझ्या भरडाच्या, म्हणजे तळ्यावरच्या खडकाळ माळाच्या, जागेवर काजूचा कारखाना घालावा असे तो दोन वर्षे सांगतो आहे. त्याचे म्हणणे वेडगळ नाही. तरी भरड त्याला मिळणार नाही.

४. माजी सरपंच आबा यांनी १९५६ साली, मी संयुक्त महाराष्ट्रावर बोलत होतो तेव्हा, माझी वीस मिनिटे उरलेली असताना ध्वनिक्षेपक बंद केला. त्यांना मी ध्वनिक्षेपकाशिवाय ती वीस मिनिटे ऐकवली होती, हे ते विसरलेले नाहीत. हे वाचूनच त्यांनी खाली साक्ष घालायची आहे.

५. तळ्याच्या वरच्या अंगाला माझा अठरा गुंठ्यांचा भरड आहे. त्यावर भात होत नाही, म्हणून १९४९ पासून गावचा हुतूतू संघ तिथे खेळतो. हा भरड मी लवू अर्जुन मेस्त्री यास कायमचा आणि बिनशर्त देतो. लवू होड्या बांधणारा सुतार, संघाचा जुना कर्णधार. तो माझा नातेवाईक नाही आणि पाच वर्षे माझ्याशी बोलतही नव्हता, म्हणून कारण लिहिणे भाग आहे.

१९६१ साली संघातले चार गडी नोकरीसाठी मुंबईला गेले आणि संघ मोडल्यात जमा झाला. वेंगुर्ल्याच्या सामन्यांची ढाल आम्ही कधीच जिंकली नव्हती. लवूचे म्हणणे, गिरण्यांच्या संघांतून खेळणारे आपल्या तालुक्यातले तयार गडी हंगामापुरते बोलवावे आणि यंदाच ढाल आणावी. तो छत्तीस वर्षांचा होता, उजवा गुडघा सुजायचा. त्याला पुढचा हंगाम नव्हता. माझे म्हणणे, शाळेतून नुकती बाहेर पडलेली पोरे घ्यावी, चार वर्षे हरावे आणि पाचव्या वर्षी स्वतःच्या बळावर जिंकावे. मी सव्वा तास बोललो. फ्रेंच राज्यक्रांतीसुद्धा सोडली नाही. मते समसमान पडली.

मग वाद ग्रामदेवतेपुढे गेला. आमच्या गावची रीत अशी, की अशा वेळी दोन्ही बाजूंचा कौल घ्यायचा. गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणे घातले जाते. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाण्याचा मान आमच्या घराण्याचा. मी आधी माझ्या बाजूचे गाऱ्हाणे घातले. उजवी पडली. आता लवूचा कौल घ्यायचा होता. मी लोकांकडे वळलो आणि आवाज चढवून म्हणालो, "ह्या पोरांच्या पाठी उभो ऱ्हव रे म्हाराजा." सगळे देऊळ "व्हय म्हाराजा" म्हणून गरजले. ते एकदा म्हटले गेले, की कौल संपतो.

लवूने मला पायरीवर गाठले. "मास्तर, माझो कौल ऱ्हवलो."

"देवान दिल्यान रे. आता कसलो कौल?"

"देवान खंय? तुमी दिल्यात."

पाच वर्षे पोरे हरली. एकदा उपांत्य फेरी गाठली, तीही समोरचा संघ आला नाही म्हणून. आणि जो जो गडी तयार झाला त्याला गिरण्यांनी नोकरी देऊन उचलले. आमचा सर्वांत चांगला चढाईवाला बाळा गेल्या जूनमध्ये गेला. मी पिकवलेले भविष्य आता गिरणीचे बनियन घालून खेळते. पोरांचे भले झाले, त्याचा मला आनंद आहे. पण लवूची ढाल खेळात गेली नाही, माझ्या आवाजात गेली.

गेल्या रविवारी मी त्याच्या होड्या बांधायच्या मांडवात गेलो. तो फळीला रंधा मारत होता. मी म्हणालो, "लवू, तुझीय उजवी पडात ह्या भियान मी तुझो कौल घेवक नाय. मुद्दाम."

"ठावक आसा माका. पाच वर्सां लागली सांगूक. तुमचा भाषणच लांब."

मी भरडाचे सांगितले.

"अट काय?"

"अट नाय."

"उद्या मी मुंबयचे गडी आणलंय तर?"

"आण."

"भरडच इकलंय तर?"

"तुझो भरड, तू इक."

त्याने रंधा खाली ठेवला. "मास्तर, तब्येत बरी आसा मां तुमची?"

आम्ही दोघेही हसलो. घरी येऊन मी जेवलो आणि चार वाजेपर्यंत झोपलो. यमुनाबाईने दोनदा नाकाशी बोट धरून पाहिले, असे ती सांगते. इतके हलके मला स्वातंत्र्याच्या चळवळीत भोगलेल्या तुरुंगातून सुटतानाही वाटले नव्हते.

६. संघात हा वाद पुन्हा निघेल. दर दोन-तीन वर्षांनी गडी जातात आणि तो निघतोच. तेव्हा 'मास्तर असते तर काय म्हणाले असते' हे कोणीही पुढे करू नये. मास्तर नसतील. ढाल यंदा आणायची की पोरे वाढवायची, ते लवूने आणि खेळणाऱ्यांनी ठरवावे. त्यांचे चुकले, तर ते त्यांचे स्वतःचे चुकलेले असेल, आणि चुकण्याचा तेवढा हक्क त्यांना माझ्याकडून येणे आहे.

वरील सर्व मी लिहिले, साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. कोणीही मध्ये थांबवले नाही.

सही: सत्यवान भिवा धुरी

साक्षीदार:
१. आबा गणू सामंत, माजी सरपंच (कलम ४ वाचले. वीस नव्हे, पस्तीस मिनिटे होती.)
२. महादू सोमा गुरव

स्थळ: धामापूर
दिनांक: ११ डिसेंबर १९६६