भट्टीत फुटलेला पक्षी

प्रिय धाकटे,

तुला त्या वृद्धनिवासात नेऊन सोडलं त्याला आज तेवीस दिवस झाले. तुझ्या खोलीची खिडकी मी रोज सकाळी उघडते आणि संध्याकाळी लावते, तेवढंच. तुझ्या चिरंजीवांनी खोलीत इस्त्रीचं टेबल आणून ठेवलंय. तात्पुरतं आहे, असं म्हणाला. या घरात तात्पुरती ठेवलेली वस्तू परत हललेली मी तरी पाहिली नाही. येत्या गुरुवारी डॉक्टर तुला तपासणार आणि तू घरी यायचंस की कायमची तिथेच राहायचंस ते ठरवणार, हेही त्यानेच सांगितलं, रद्दी बांधता बांधता. डॉक्टरांचं म्हणणं असं की हाताचं काही एवढं नाही, अधू हाताची माणसं घरी राहतात. डोकं ठिकाणावर आहे की नाही, एवढंच बघायचंय. मी बरं म्हटलं आणि सुतळी कापून दिली.

मंगळवारी वर्गाला गेले होते. हो, जाते अजून. तू नाहीस म्हणून मी घरी बसावं असं कुठे लिहिलंय? ग्रंथालयाच्या तळघरातली ती ओल अजून तशीच आहे, दारावरची पाटीही तशीच. 'मनःस्वास्थ्य आणि मातीकाम, फक्त प्रौढांसाठी.' पहिल्या दिवशी ती वाचून तू इतकी हसलीस की मला तुला जिन्यात धरून उभं राहावं लागलं. आपण दोघी सत्तरीला टेकलेल्या, आणि प्रौढ आहोत का ते कोण तपासणार, असं तू विचारलंस. वाकडं झालेलं तोंड घेऊन हसत होतीस. मला हसू आलं नव्हतं, मी आपली तुझ्याबरोबर हसले.

खरं तर तो वर्ग माझा नव्हताच. तुला झटका आला, उजवा हात लोंबू लागला, तेव्हा व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं की मातीत हात घाला, बोटं परत येतील, पण याच वर्षभरात, नंतर नाही. मी आले ती तुझी पिशवी धरायला आणि तुझी बटणं लावायला. मातीवाल्या सरांनी मलाही एक गोळा दिला, नुसतं बसून काय कराल म्हणाले. पहिली दहा मिनिटं डोळे मिटून श्वास घ्यायचा. श्वास खांद्यात अडकलाय, तो सोडा, असं ते सांगायचे, आणि मी एक डोळा किलकिला करून बघायचे की हे सगळे शहाणेसुरते लोक खरंच काही सोडतायत का. तो निवृत्त बसकंडक्टर तर सरळ घोरायचा. दातांच्या डॉक्टरीणबाई मात्र रडायच्या. दर वेळी. तू त्यांच्या पाठीवर डावा हात ठेवायचीस. ओळख ना पाळख, पण तुझं हे असं नेहमीचंच.

आता बटणांचं सांगते. तुझ्या स्वेटरला सहा बटणं. ती मी लावायची, आणि तू मान वर करून लहान मुलासारखी उभी राहायचीस. मला त्या वेळी फार बरं वाटायचं. काळजी घेतेय म्हणून नाही गं. तू, जी या घरात सगळ्यांची लाडकी, जिला बालवाडीतली पोरं मोठी होऊन पोराबाळांची झाली तरी रस्त्यात थांबून वाकून नमस्कार करतात, ती माझ्यासमोर हात लोंबवून उभी, आणि मी सावकाश, एकेक करून बटण लावतेय. एकदा मी मुद्दाम एक बटण चुकीच्या काजात घातलं आणि तुला तसंच दोन तास वर्गात बसू दिलं. तुला घरी आल्यावर आरशात दिसलं. ताईला कमी दिसायला लागलंय, असं म्हणून तूच मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलंस. मी गेलेही. डोळे ठणठणीत निघाले, तुला नंबर वाढला म्हणून सांगितलं.

तू म्हणशील, एवढं काय केलं होतं मी ताईचं? काहीच नाही, तीच तर पंचाईत आहे. कानामागून आलीस आणि तिखट झालीस. मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी माझ्यासमोर नियमांची यादी म्हणून दाखवली होती. चार वर्षांनी तू धाकटी सून म्हणून आलीस तर तुला म्हणाल्या, दमली असशील, पड जरा. सासूबाईंचं शेवटचं आजारपण मी काढलं. सात महिने पालथं-उताणं करणं, पुसणं, भरवणं सगळं माझ्याकडे, कारखान्यातली पाळी सांभाळून. आणि जाताना हाक कुणाला मारली? तुला. तू शाळेत होतीस. मी चमचा घेऊन समोर बसले होते, आणि त्यांची नजर माझ्या खांद्यावरून दाराकडे. तुला हे मी कधी सांगितलं नाही. तुला वाटतं त्या झोपेत गेल्या.

तर वर्गात पहिल्यांदा असं झालं की माझं बरं जमलं आणि तुझं नाही. तीस वर्षं औषधाच्या बाटल्यांची बुचं तपासलेल्या बोटांना कडा सरळ ठेवणं जड नाही. माझ्या वाट्या एकसारख्या, कुठे पोचा नाही, कुठे चीर नाही. तुझं आपलं डाव्या हाताने थापलेलं काहीतरी, बसलेलं, कललेलं. सर म्हणायचे, इथे चांगलं-वाईट असं काही नसतं. पण माझ्या वाट्यांसमोर ते जरा जास्त थांबायचे, मला कळायचं. घरी येताना मी तुझी पिशवी अगदी आनंदाने उचलायचे. दोन महिने मी सुखात होते गं. सत्तराव्या वर्षी दोन महिने.

मग तू तो पक्षी केलास. कसला पक्षी, ना धड चोच ना धड पंख, नुसता पोट फुगवून मान आत ओढून बसलेला. दोन वाट्यांसारखे भाग करून एकमेकांवर बसवलेस, वरून डाव्या अंगठ्याने शिवण मिटवलीस. सर आले. खाली बसले, टेबलाच्या उंचीला डोळे नेले आणि नुसते बघत राहिले. कंडक्टर उठून आला. डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले, अर्थात. माझ्या हातात तेव्हा सतरावी वाटी होती, आणि ती कुणी बघितली नाही. सर उभे राहिले तेव्हा एवढंच म्हणाले की हा पक्षी आजारातून उठलेला आहे, हे बघताक्षणी कळतं. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की ती सतरावी वाटी मी मुठीत चुरगळून बादलीत टाकली. तू विचारलंस, का गं ताई, छान होती की. तुझं ते 'छान होती की' मला आजही सहन होत नाही.

पुढचं तुला माहीत आहे, म्हणजे तुला वाटतं की माहीत आहे. आतून पोकळ असलेल्या वस्तूला कुठेतरी भोक ठेवायचं, नाहीतर आतली वाफ कोंडते आणि भट्टीत वस्तू फुटते. हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि भिंतीवर लिहूनही ठेवलंय. तुझा पक्षी फुटला. नुसता फुटला नाही, सोबतच्या अकरा वस्तू घेऊन फुटला. भट्टीचं झाकण काढलं तेव्हा आत नुसत्या ठिकऱ्या. डॉक्टरीणबाईंचा दिवा, कंडक्टरने नातीसाठी केलेली बस, सगळं गेलं. कुणी तुला एक शब्द बोललं नाही, उलट सगळे गोड बोलले, आणि त्यानेच तू जास्त खचलीस. तू परत परत म्हणत होतीस, मी भोक पाडलं होतं, मला आठवतंय मी पाडलं होतं. आणि मी सगळ्यांसमोर तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, नाही गं, राहिलंच ते. मी आठवणही करून दिली होती, तू हो म्हणालीस आणि विसरलीस.

तुझा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी नीट पाहिलं. हात गेला तेव्हाही तू अशी घाबरली नव्हतीस. त्या दिवसापासून तू गॅसचं बटण तीन-तीनदा बघायला लागलीस. नळ, कुलूप, गोळ्यांची डबी. रोज मला विचारायचीस, ताई, मी मघाशी हेच विचारलं का? कधी विचारलेलं असायचं, कधी नसायचं. मी दर वेळी हो म्हणायचे. वर्ग सोडलास, माती सोडलीस, बोटं परत आखडली. शेवटी तुझ्या मुलाने मला बाजूला घेतलं. मोठी काकू, तू दिवसभर तिच्याबरोबर असतेस, खरं सांग, आई विसरते का? त्याला डॉक्टरांना तेच सांगायचं होतं. मी म्हटलं, विसरते हल्ली. तीन शब्दसुद्धा पुरते नाहीत. तुझी बॅगही मीच भरली. जाताना तू माझा हात धरून म्हणालीस, तुझ्या शंभरदा सांगण्याकडे लक्ष दिलं नाही म्हणून ही वेळ आली, ताई.

तू भोक पाडलं होतंस. शेपटीखाली, सुईने, आणि उजव्या हाताने. सर भट्टीकडे होते, बाकीचे चहा घेत होते. तू डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलंस, सुई दोन बोटांत अडकवलीस, ती दोनदा पडली, तिसऱ्यांदा धरलीस आणि घातलीस. मी घड्याळ बघत होते, अकरा मिनिटं लागली. मग तू कुणाला न सांगता स्वतःशीच हसलीस आणि हात धुवायला गेलीस. मी बादलीतली चिमूटभर ओली माती घेतली, अंगठ्याने ते भोक बुजवलं आणि पाण्याचं बोट फिरवून गुळगुळीत केलं. बूच नीट बसलंय की नाही हे मला सांगायची कुणाला गरज नाही. सरांनी येऊन विचारलं, भोक ठेवलंय ना? मी म्हटलं, हो म्हणालीय ती, मी आठवण करून दिली होती. रागाच्या भरात झालं असं म्हणणार नाही. हात अगदी थंड होते माझे, आणि फुटेल तेव्हा आपण काय बोलायचं हेही मी तेव्हाच ठरवलं होतं.

म्हणजे तुझं डोकं शाबूत आहे. तुझा हातसुद्धा परत येत होता. गुरुवारी हे पत्र डॉक्टरांसमोर ठेवलंस तर शुक्रवारी तू घरी असशील, इस्त्रीचं टेबल मी स्वतः बाहेर काढेन. पण तसं झालं की तुझा मुलगा मला या घरात एक दिवस ठेवणार नाही, आणि मला जायला दुसरं घर नाही. दोनदा त्याला सांगायला गेले, दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आले. आणि मी तुला चाळीस वर्षं ओळखते. तू हे वाचशील, रडशील, मग ताईचं या वयात कसं होईल म्हणशील आणि पत्र कुठेतरी खोल ठेवून देशील. डॉक्टर विचारतील तेव्हा गप्प बसशील. मला आता सांगून टाकल्यासारखं हलकं वाटतंय, रात्री झोपही लागेल. डॉक्टरांचा पत्ता इथे फ्रिजच्या दारावर चिकटवलेला आहे. तुझा मुलगा पलीकडच्या खोलीत शर्टांना इस्त्री करतोय. या दोघांपैकी कुणालाही हे पत्र देता आलं असतं. मी पाकिटावर तुझं नाव घातलंय.

तुझीच,
थोरली