गिअरबॉक्सचं रडगाणं

१२ एप्रिल
आज पुन्हा नाही. बोलणं शिकवायला येतात त्या बाई बाबांसमोर बसून "आ... म्हणा आ..." करत राहिल्या, आणि बाबांची नजर खिडकीबाहेर. अर्धांगाचा झटका आला त्याला अख्खा हिवाळा उलटला. उजवा हात गेला, शब्द गेले. बाई दारात मला म्हणाल्या, "शब्द राहू देत गं. नुसता आवाज निघाला तरी पुढची वाट सापडेल." निघतच नाही!

खाली अंगणात कुणाची गाडी गुरगुरली की मान मात्र वळते.

१३ एप्रिल
आईचं ठरलंय. गाडी विकायची. "ते रडगाणं घेऊन डाचावर कोण जाणार? अर्ध्या वाटेत बसेल." दुसऱ्या गिअरला ऊऊऊ, तिसऱ्याला त्याहून वरच्या पट्टीत. आम्ही येतोय हे सगळ्या पेर्म शहराला आधीच कळतं. बाबांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. मी म्हटलं, गावाबाहेरच्या त्या मळाघरी बटाटे लावायला जायच्या आत मी गप्प करते तिला. झाली गप्प, तर विकायची नाही. बाबांना तिच्यातूनच न्यायचं.

"तू? आधी तुझी ती क्रियापदं नसलेली कादंबरी लिहून संपव!"

तरी हो म्हणाली.

१६ एप्रिल
गॅरेजच्या खड्ड्यात गुडघाभर बर्फाचं पाणी. दरवर्षीचंच. एकटीने बादलीने उपसलं. शेजारच्या गॅरेजचा म्हातारा लुकिच आणि समोरचा रिनात खारवलेला मासा सोलत बघत बसलेले. मदत? छे! सल्ले.

लुकिच : "पोरी, गिअरबॉक्सात लाकडाचा भुसा टाक. माझ्या बापाने टाकलेला. गाडी विकेपर्यंत हूं की चूं नाही."

"विकल्यावर काय झालं ते सांग की!" रिनात खिदळला. मग मला एक ट्यूब दाखवली. "ग्लाशा, हे नव्या तेलात पिळायचं. दातांवर साय धरते."

"साय तुझ्या डोक्यावर धरलीय!"

दोघांच्याही गाड्या हिवाळाभर बंद पडून आहेत. दोघांच्याही!

१७ एप्रिल
मूर्ख! मूर्ख! मूर्ख!

तेल पातळ व्हावं म्हणून आधी गाडी फिरवून गरम केली. मग ऐटीत जुनं तेल सोडायचा ड्रेन नट उघडला. काळं, सडक्या लसणाच्या वासाचं तेल तसराळ्यात. नटाच्या चुंबकावर लोखंडी चुऱ्याचं साळिंदर. वा! मग नवं तेल भरायचा नट उघडायला गेले — हलेना! गंजून एकजीव झालाय. म्हणजे गिअरबॉक्स कोरडा, तेल भरायला वाट नाही, आणि तेलाशिवाय गाडी हलवायची नाही.

लुकिच वरून डोकावला. "आधी भरायचा उघडतो का ते बघायचं असतं. मग सोडायचं."

"हे आत्ता सांगताय?"

"सांगून काय मजा? या रांगेत प्रत्येकाने एकदा हे केलंय. आता तू आमच्यातली!"

टाळ्या वाजवल्या मेल्यांनी.

१८ एप्रिल
नट तसाच. पाना सटकला, बोटं सोलली. आईने विचारलं, "विकायची जाहिरात देऊ?"

१९ एप्रिल
रिनातने बर्नरने तापवला. लुकिचने पान्याला लांब पाइप जोडला आणि आम्ही तिघं लोंबकळलो. कट्! उघडला! नवं तेल भरलं, धावत जाऊन गाडी काढली.

ऊऊऊऊ.

जसंच्या तसं! स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले.

२४ एप्रिल
पिळली ट्यूब. राखाडी, मधासारखं घट्ट. काय व्हायचं ते होवो.

२५ एप्रिल
गेला आवाज! साफ गेला. पण दुसरा गिअर पडेना. कर्रर्र! पाच वेळा ढकलला की एकदा जातो. रिनात म्हणतो, "साय थोडी जाड झाली." लुकिच म्हणतो, "भुसा, भुसा!" दोघांना खड्ड्यात लोटावंसं वाटलं.

आईला तेवढं पुरलं. "गप्प झाली ना? चला मग."

१ मे
डाचाच्या वाटेवर. बाबा माझ्या शेजारी, आई मागे बियाण्याच्या बटाट्यांजवळ. चौकातच कर्रर्र! मागून हॉर्न, माझ्या शिव्या. तेवढ्यात बाबांचा डावा हात माझ्या हातावर आला. दांडा मधे आणून क्षणभर थांबवला. मग पुढचं अंतर अलगद. पडला दुसरा! गाडी गुळगुळीत चालू लागली. अगदी गप्प.

बाबांच्या कपाळावर आठी. वाकून गिअरच्या दांड्याकडे कान केला. वाट बघितली. आणि मग स्वतःच, तोंडाने —

"ऊऊऊऊ..."

आईने मागून माझा खांदा गच्च धरला.

मी तिसरा टाकला. बाबांनी पट्टी चढवली.