हात खालून द्यायचा

सोमवार
पोचले बाई एकदाची उइदा गावाला. धाकट्या बहिणीचं, अफियावीचं घर. ती गेल्यापासून बंद होतं, आता माझं. दोन खोल्या, पपईचं झाड आणि शेजारणीनं टोपलीत आणून ठेवलेला अजगरबाबा, आमच्यात घराचा राखणदार. मनगटाएवढाच, पण पोरांनी काठीनं डिवचलेला, म्हणून हात दिसला की गोळा होऊन डोकं पोटात. रविवारी नात सेनामी कायमची राहायला यायची आहे कोतोनू शहरातून, तोवर त्याला माणसाळवायचा. मी शिकले दुसरीपर्यंत, तरी तिनंच वही दिली, रोज लिही म्हणाली. तिच्यापुढे कुणाचं चालतं?

आमच्यात उंबऱ्यावर पाणी ओतून अजगराला त्याचं नाव घेऊन सांगतात, मी आत येतेय म्हणून. आनंदाच्या भरात मी नाव घ्यायचंच विसरले. म्हटलं, ह्या घरात जो कोण जुना असेल त्यानं मला आपली म्हणावं. शेजारची हुएफा कंबरेवर हात ठेवून हसली. म्हणाली, "आज्जे, नाव न घेता आवतण दिलंस. आता येईल त्याला वाढ."

मंगळवार
आधी त्याला हात लावायचा नाही. माझं वापरातलं डोक्याचं फडकं टोपलीत ठेवलं, वासाची ओळख व्हावी म्हणून. मग नुसतं जवळ बसायचं. हाताला मासळीचा वास नको. हात वरून कधीच न्यायचा नाही, वरून घार येते. खालून तळवा द्यायचा, पकडायचं नाही. त्याचा तो येतो. आज मका शिजवताना त्याच्याशीच गप्पा मारल्या, माझ्या लग्नात पाऊस आला होता ते सगळं सांगितलं.

बुधवार
फडक्याला जीभ लावली लबाडानं. फार बरं वाटलं.
माझ्या उशाखाली एक जुनं फडकं निघालं, ओल्या मातीच्या वासाचं. अफियावीचं असणार. तसंच ठेवून दुपारी छान झोपले.

गुरुवार
आला तळव्यावर! हुएफाला सांगितलं तर म्हणते, "नवऱ्याला एवढं जपलं असतंस तर पळाला नसता." पळाला कुठे, वारला. पण तिच्या तोंडी कोण लागणार.
दुपारी आडवी झाले तर कुणीतरी उशाशी येऊन बसलं. हुएफाच वाटली. डोळे उघडले तर कुणी नाही. चटई मात्र दबलेली. कडी आतून होती.

शुक्रवार
फडकं हुएफाला दाखवलं. तिनं हात लावला नाही. म्हणाली, अफियावीचे सगळे कपडे तिच्याबरोबर पुरले, मी स्वतः ठेवले. फडकं उकिरड्यावर टाकून आले. जेवून आडवी झाले, तर उशाखाली.
अजगर आता माझा दंड सोडत नाही. मला नाही घाबरत तो. माझ्या खांद्यामागे बघतो.

शनिवार
दुपारीच. कोपराखाली तळवा आला. खालून. गार. पकडलं नाही, नुसता आधार. मी गुडघे पोटाशी घेऊन डोकं आत घातलं — अगदी त्याच्यासारखं. तळवा हलला नाही. वाट बघत राहिला.
पुढे काय करतात ते मला माहीत आहे. मीच —
हुएफा म्हणाली, माझ्याकडे चल. उंबऱ्यापर्यंत गेले. बाहेर आभाळ केवढं मोठं, डोक्यावर काही येईल असं — परत फिरले. आत आल्यावर बरं वाटलं. त्याचीच भीती वाटते.
सेनामीला स्टँडवरूनच परत पाठव म्हणून हुएफाच्या हातापाया पडले.

रविवार
अजगराला खिडकीतून पलीकडे सोडलं. मागे न बघता गेला. शहाणा.
दार माझंही उघडंच आहे. पाय —

हुएफा पहाटेच गेली स्टँडवर. चुकामूक झाली वाटतं. गल्लीत सेनामीचा आवाज. हसतेय.

एक हात कोपराखाली. एक गुडघ्यांखाली. ओरडायला हवं, येऊ नको म्हणून. पण हात इतका सावकाश —
भीती नाही वाटत आता. मुळीच नाही.

उंबऱ्यात उभी आहे पोर, हातात पाण्याचा तांब्या. विचारतेय, आजी, नाव कुणाचं घेऊ?
मी सांगतेय तिला, नाव नको गं, नुसतं म्हण, ह्या घरात जो कोण —