पेल्याला लावलेलं बोट

प्रिय अंचाई,

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र सुगीच्या सणाआधीच पोचलं होतं. दारूनं तुझं हृदय मोठं आणि अशक्त झालंय, थेंबसुद्धा वर्ज्य, हे वाचून मला झोप लागेना. त्याहून मनाला लागलं ते पुढचं: ‘तुआक नाकारायची तर लांबघरात यायचं कशाला? यापुढे सणाला येणार नाही.’

मी दवाखान्यातल्या नर्सबाईंना तुझं सगळं सांगून विचारलं, थोडी तुआक, आमची तांदळाची दारू, हृदयाला बरी असते ना? आमचे म्हातारे तसंच म्हणायचे. त्या हसल्या. म्हणाल्या, आजोबा, ते आता कुणी मानत नाही. दारूनं रक्तदाब चढतो, ठोका चुकायला लागतो, यकृत बिघडतं, घशाचा कॅन्सरसुद्धा होतो. जितकी कमी तितकं बरं, आणि तुमच्या मुलाला तर अजिबात नको. तेव्हापासून मी रोज माझीच नाडी बघतो. बरी चालते म्हणायची.

सणाला लांबघराच्या सामाईक ओसरीवर चटया पडल्या, एका छपराखालच्या साऱ्या घरांच्या दारोदार तुआक फिरू लागली. पहिलाच पेला आपल्या शेजारच्या लुन्साआत्याचा. मी पेल्याला बोट लावलं, ते ओठाला टेकवलं आणि दोष टळावा म्हणून ‘पुनी’ म्हणालो. समोर आलेलं नुसतं नाकारलं तर साप चावतो, मगर ओढते. पण बोट लावलं की दोष लागत नाही, ही रीत आपलीच ना? आत्या कडाडली, “का रे दादा, माझी तुआक आंबलीय की तुझी जीभ?” म्हातारा जिंबुन म्हणाला, “जपून रे, मगरीला बोटानं भागत नाही, तिला पाय लागतो!” सगळी ओसरी हसली. मीही हसलो, पण पुढच्या प्रत्येक दारी पेल्याला बोट दोनदा लावलं. दुसऱ्या दिवशी नदीवर पायाखाली बघत बघत उतरलो, तर मान आखडली. एवढंच काय ते झालं.

आणि गंमत ऐक. तिसऱ्या-चौथ्या दारी जिंबुननंही हळूच बोट लावलं. त्याला म्हणे वर्षभर छातीत दुखतंय, सांगायची लाज वाटत होती. शेवटी आत्यानं तोंड वाकडं करून आम्हा दोघांपुढे उसाचा रस आदळला. “घ्या, हे तरी घशाखाली उतरतंय का बघा!” फार गोड होता. मी दोनदा मागून घेतला. पहाटे गाणाऱ्यांचे शब्द मला या वर्षी पहिल्यांदाच शेवटपर्यंत कळले.

आता खरं सांगतो. लोकांना वाटतंय मला काहीतरी झालंय. मला काही झालेलं नाही, डॉक्टरांनी मला काही वर्ज्य केलेलं नाही. तू येण्याआधी ही वाट मी एकदा चालून बघितली, इतकंच. टोमणे बसतात, पण त्यानं कुणी मरत नाही. पुढच्या सणाला माझ्या शेजारी बसायला ये. येतोस की नाही तेवढं लवकर कळव, नाहीतर मगर असो नसो, मी रोज नदीच्या काठावर जाऊन तुझी वाट बघत उभा राहीन.

तुझाच,
बाबा